हरवलेल्या बक्षिसाचा मालक

लोकांचे नवरे लोभापायी बुडतात. आमचे हे बुडायला निघाले ते लोभ नाही म्हणून. लोभ असता तर चार शब्द सुनावून मी ताळ्यावर आणलं असतं. पण प्रामाणिकपणाला बायको काय सुनावणार?

हे बस डेपोत हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीवर बसतात. बसमध्ये जे विसरलं जातं ते संध्याकाळी यांच्या कपाटात येऊन पडतं. छत्र्या, डबे, चष्मे, एकेकटी चप्पल. एकदा तर कुबडी आली. कुबडी विसरून माणूस बसमधून उतरला कसा आणि घरी पोचला कसा, हे यांनी मला महिनाभर जेवताना विचारलं. मी म्हटलं, "बरा झाला असेल." तर म्हणे, "अगं, पण कुबडी त्याचीच ना." यांच्या लेखी वस्तू आणि मालक एकदा एकमेकांना भेटले, की जगाचं सगळं ठीक झालं.

या खिडकीला ईमेलही आहे. माझी पिशवी राहिली, माझा मफलर राहिला, असं लोक त्यावर कळवतात. त्यातच एक मेल आलं: प्रिय विजेता, अभिनंदन, आमच्या लॉटरीत आपल्याला काही कोटींचं बक्षीस लागलं आहे.

दुसरा एखादा असता तर नाचला असता, नाहीतर ते पुसून मोकळा झाला असता. हे घरी आले ते चेहरा पाडून.

"कुणाचं तरी बक्षीस हरवलंय," म्हणाले. "मी काही तिकीट काढलेलं नाही. म्हणजे पत्र दुसऱ्या कुणाचं, वाट चुकून आमच्या खिडकीवर आलं."

"मग सोडून द्या."

"कुणाचे तरी कोटी रस्त्यावर पडलेत आणि सोडून देऊ?"

यांनी उलट उत्तर धाडलं, की बक्षीस माझं नाही, खरा मालक शोधावा. तिकडून आलं, नाही हो, तुम्हीच विजेते. यांनी लिहिलं, मुळीच नाही. असं बरेच दिवस चाललं. चोर पैसे गळ्यात घालतोय आणि घरचा धनी ते झटकून टाकतोय, असली चोरी मी बाई जन्मात पाहिली नव्हती. शेवटी तो भामटा थकला असावा. त्याने लिहिलं, तुमचंच बरोबर. बक्षीस एका गरीब विधवेचं आहे. पण पत्र तुम्हाला मिळालं, तेव्हा नियमाप्रमाणे शुल्क तुम्ही भरलं तरच ते तिला देता येईल. दोन दिवसांत भरा आणि कुणाला सांगू नका.

"बघ, मी म्हटलं नव्हतं?" यांना कोण आनंद झाला.

आणि ते शुल्क कुठून भरायचं? तर माझ्या दातांच्या पैशातून. माझे दात गेलेत, वरचे आणि खालचेही. कवळीचं माप देऊन झालंय, पैसे भरले की डॉक्टर बनवायला टाकणार. तोवर भात मऊ करून गिळायचा आणि लेकीच्या सासरी पानावर बसले की भूक नाही म्हणायचं. मला खरंच फार भूक असते. दात आहेत तर चणे नाहीत म्हणतात. माझे दात तर गेलेच होते, आता चणेही निघाले.

मी लेकीला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. लेक शहाणी आहे, पण बाबांपुढे कुणाचं चाललंय?

"बाबा, तिकीट काढल्याशिवाय बक्षीस लागत नाही."

"तेच तर मी त्यांना सांगत होतो."

"आधी पैसे भरा म्हणणारा भामटा असतो."

"वस्तू परत देताना मीही सांभाळणावळ घेतो. मी भामटा?"

"मग दोन दिवसांची घाई कशाला?"

"ज्याचं त्याला लवकर मिळावं म्हणून."

"आणि कुणाला सांगू नका, ते?"

"सापडलेल्या पाकिटात किती आहेत ते मी कधी तुला तरी सांगतो का?"

"बाबा, एवढ्या मोठ्या लॉटरीवाल्यांचा मेलचा पत्ता असा कुणीही फुकट काढावा तसला?"

"गरीब असतील."

"कोटी वाटणारे गरीब?"

"वाटून झाले असतील."

पालथ्या घड्यावर पाणी. लेकीने फोन ठेवला. हे त्या विधवा बाईच्या काळजीने नीट जेवलेही नाहीत.

सकाळी हे बँकेत निघाले. मीही चपला घातल्या. टोकन घेऊन आम्ही त्या थंडगार लोखंडी बाकावर बसलो. रडून झालं होतं, भांडून झालं होतं. समोर पाटीवर आकडे सरकत होते आणि माझे दात त्यांच्याबरोबर चालले होते.

"अहो," मी म्हटलं, "तुमच्या खिडकीवर कुणी येऊन पिशवी माझी म्हणालं, की तुम्ही लगेच देता?"

"छे. आधी खूण विचारतो."

"खरा मालक कसा ओळखता?"

"मुद्दाम एखादी चुकीची खूण सांगतो. छत्रीची मूठ पिवळी होती ना? खरा मालक म्हणतो, नाही हो, काळी. लबाड सगळ्याला हो म्हणतो."

"मग या बक्षिसवाल्या बाईंची खूण विचारलीत?"

हे दुखावले. विधवा बाईवर संशय घेतेस म्हणाले. पण नियम तो नियम. फोन काढला आणि एका बोटाने टाइप करायला लागले: पत्राबरोबर लाल बटवा मिळाला आहे, साखळी तुटलेली, आत लहान मुलाचा एक बूट. बाईंचाच का?

उत्तर लगेच आलं. यांनी मोठ्याने वाचलं: होय साहेब, सगळं बरोबर. बूट तिच्या मुलाचा. बाई बूट आठवून रडत आहेत. पैसे ताबडतोब पाठवा.

आमचा आकडा लागला. काचेपलीकडची मुलगी म्हणाली, "बोला काका." हे उठलेच नाहीत. तिने दोनदा हाक मारली आणि पुढचा आकडा घेतला.

"असा बूट नाहीच," हे म्हणाले. "मी मनाने लिहिला."

"माहीत आहे मला."

"म्हणजे ती बाई?"

"नाही हो."

"तिचा मुलगा?"

"कुणीच नाही. तो एकटा भामटा आहे, बाकी सगळं खोटं."

हे पायाजवळच्या फरशीकडे बघत राहिले. फसलो म्हणून मान खाली गेली असं मला वाटलं. माझ्या जिभेवर बोलणी अगदी तयार होती, इतक्या दिवसांची साठवलेली. तेवढ्यात यांनी वर पाहिलं. चेहरा अगदी मोकळा झालेला.

"म्हणजे कुणाचं काहीच हरवलेलं नाही," हे म्हणाले. "बरं झालं गं. मला रात्रभर तिचीच काळजी होती."

आणि जी बाई नव्हतीच, तिचं काही हरवलं नाही म्हणून या माणसाने बँकेत बसून डोळे पुसले. मला रागावायचं होतं, खूप रागावायचं होतं. पण मीही रडायला लागले. शेजारच्या गृहस्थांनी विचारलं, "काही वाईट झालं का?" हे म्हणाले, "नाही, नाही. सगळं ज्याचं त्याच्यापाशीच आहे."