उजेडाकडं धरलेली पानं

बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षी मी केमिस्ट्रीचं जर्नल लिहीत होते. लिहीत कसली, फाडतच होते. खाडाखोड दिसली की मॅडम जर्नल तोंडावर फेकायच्या, आणि मला तर प्रत्येक पानात काहीतरी चुकलेलं दिसायचंच. फाडलेली पानं मी गादीखाली सरकवायचे.

आई अक्कलकोट रोडच्या कारखान्यात टॉवेल तपासायची. टॉवेल उजेडाकडं धरला की तुटलेला धागा तिला लगेच दिसायचा. एका रविवारी दुपारी गादी उन्हात टाकताना तिला ती पानांची चळत सापडली. खिडकीशी बसून तिनं एकेक पान उजेडाकडं धरलं.

"चूक कुटं हाय गं ह्यात?"

मी दाखवायला गेले. पहिल्या पानात नव्हती. दुसऱ्यातही नव्हती. अख्ख्या चळतीत एक खाडाखोड नव्हती, आणि प्रत्येक पानावर तोच प्रयोग होता, जर्नलमधला पहिला.

"पण मी बघितली होती की," मी म्हणाले.

आईनं पानं खाली ठेवली. मग माझी हनुवटी धरून माझा चेहरा उजेडाकडं वळवला, आणि टॉवेल बघायची तशी बघत राहिली.