दर्शनाने हात लावलेल्या ओळी

दर्शनाला वाकडं काही बघवत नाही. हॉटेलात बसली की ती टेबलावरची मिठाची डबी सरळ करते, पाहुण्यांकडे गेली की भिंतीवरचं कॅलेंडर सरळ करते, आणि ऑफिसात दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रामच्या ओळी सरळ करते. कुठे एक स्पेस जास्त पडली, की हिचा हात शिवशिवलाच. अंगण मनासारखं झाडून झाल्याशिवाय ही शाळेत जायची नाही, असं लांज्याकडे राहणारी तिची आई सांगते. ते खरंच असणार.

रत्नागिरीतलं तिचं ऑफिस म्हणजे औषधाच्या दुकानावरच्या दोन खोल्या. प्रोग्राममधली कोणती ओळ कोणी बदलली याची नोंद तिथला कॉम्प्युटर ठेवतो. 'ब्लेम' नावाची एक कमांड आहे. ती दिली की प्रत्येक ओळीशेजारी, तिला शेवटचा हात ज्याने लावला त्याचं नाव येतं. आता शेवटचा हात कायम दर्शनाचाच. त्यामुळे जिकडेतिकडे तिचं नाव. "हिच्या नावाशिवायची ओळ दाखवा आणि वडापाव मिळवा," असं मालक दीपक म्हणायचा. वडापाव अजून कोणाच्या वाट्याला आला नव्हता.

या हंगामात त्यांनी मिरकरवाड्याच्या मच्छीमारांसाठी एक काम केलं. बोट बंदरात शिरली की खलाशांच्या घरी आपोआप मेसेज जायचा: 'होडी लागली. सगळे बरे आहेत.' बायका खूश होत्या. बंदरावर ताटकळायला नको, आणि भाकऱ्या कधी टाकायच्या तेही कळायचं.

आणि एका सकाळी बाबल्या नावाच्या खलाशाचा हात जाळं ओढायच्या विंचच्या दोरात सापडला. बोट बंदरात आली, लोकांनी त्याला उचलून थेट दवाखान्यात नेलं, आणि त्याच वेळी त्याच्या बायकोच्या, गोदाच्या फोनवर मेसेज आला. सगळे बरे आहेत.

दुसऱ्या दिवशी मच्छीमारांच्या पुढाऱ्याने दीपकला फोनवर चांगलंच झाडलं. फोन ठेवल्या ठेवल्या दीपकने त्या ओळीवर ब्लेम मारलं.

"दर्शना, तुझं नाव येतंय."

दर्शनाने स्वतःच्या टेबलावर बसून पाहिलं. त्या ओळीत तिने फक्त एक स्पेस काढली होती. तिच्या आधी ओळ कोणाची होती, हे एक पायरी मागे गेलं की दिसतं. ती मागे गेली. नाव होतं सलोनीचं.

सलोनी शेजारच्याच टेबलावर, मान खाली घालून. हर्ण्याच्या मच्छीमाराची मुलगी. मुलं शाळेत जायला लागल्यावर नव्याने शिकून या कामाला लागली होती. दीपकशी बोलणं असं झालं होतं की काम चोख झालं तर महिनाअखेरीला कायम, नाहीतर रामराम.

दर्शनाने स्क्रीनवरचं ते पान बंद केलं. "ती ओळ माझ्या हाताखालून गेलीय," ती दीपकला म्हणाली. "मी वाचली होती. आवडलीही होती. मी भेटून येते गोदाबाईंना." यात एक अक्षर खोटं नव्हतं. सलोनीचं नाव तेवढं तिने घेतलं नाही.

जिना उतरताना मागे चपला वाजल्या. "ताई, मीपण येते," सलोनी म्हणाली आणि स्कूटरवर मागे बसली.

गोदा दारातच बसली होती. बाबल्याचा हात वाचला होता, दोन बोटं मात्र गेली होती. माफी मागायला म्हणून दर्शनाने तोंड उघडलं, पण गोदाच बोलायला लागली.

"मेसेज आला नि मी निवांत झाले. शेजारनीसंगं हसत व्हते गो. हे तिकडं कन्हतायत, नि मी हितं हसतेय. त्येच जीवाला लागलं."

"ते शब्द माझे," सलोनी म्हणाली. "या ताईंचा त्यात काही दोष नाही."

गोदाने तिच्याकडे नीट पाहिलं. "कुठली गो तू?"

"हर्ण्याची. बाबा बोटीवर होते. आय बंदरावर उभी राहायची. शेवटचा माणूस उतरला की घरी येऊन म्हणायची, सगळे बरे हायत. मग आमी जेवायचो." ती थांबली. "आय आधी बघायची. मी न बघताच लिवलं."

गोदाने सलोनीच्या पाठीवर हात ठेवला. "शब्द काढू नको. बरं वाटतं वाचून. पन आदी बगा, मंग सांगा."

ऑफिसात परतल्यावर सलोनी बसलीच नाही. उभ्या उभ्या तिने दीपकला सगळं सांगितलं. दीपकने आधी तिच्याकडे पाहिलं, मग दर्शनाकडे. दर्शना उगाच टेबलावरची पेनं सरळ करत होती.

"मग आता दुरुस्त कोण करणार?"

"मी," सलोनी म्हणाली.

"कर. आणि ते महिनाअखेरीचं मनातून काढून टाक, तू आजपासून कायम."

संध्याकाळपर्यंत सलोनीने काम उरकलं. आता बोटीवरच्या प्रत्येक माणसाला डोळ्यांनी पाहून तांडेलाने, म्हणजे बोटीच्या प्रमुखाने, फोनवर होकार द्यायचा, मगच मेसेज जाणार. सलोनीने तेच शब्द त्या होकाराच्या खाली, नव्या जागी लिहिले होते. नेहमीप्रमाणे दर्शनाने सगळं तपासलं. कुठेच चूक नव्हती. फक्त 'सगळे बरे आहेत'च्या ओळीत एक स्पेस जास्त पडली होती.

दर्शनाचा हात कीबोर्डवर गेला. पलीकडे सलोनी फोनवर मुलांना सांगत होती, निघतेच आता, सगळं बरं आहे. दर्शनाला एकदम भरून आलं. तिने हात मागे घेतला आणि काही न बदलता काम पुढे पाठवलं.

दुसऱ्या दिवशी दीपकला वडापाव आणावा लागला. ती ओळ अजून तशीच आहे, एका स्पेसने वाकडी, आणि तिच्याशेजारी सलोनीचं नाव आहे.