सुभेदारांची सुखाची हजेरी

आमच्या गावातले सुभेदार माणसाला आनंदी राहण्याचा हुकूम द्यायचे. विनंती नाही, सल्ला नाही, हुकूम. "खूश ऱ्हायचं! काय अडचण?" असं ते ज्या आवाजात ओरडत, त्या आवाजाने समोरच्याचा होता तो आनंदही पळून जाई.

पलटणीतून निवृत्त होताना कुणा डॉक्टरीणबाईंनी त्यांना शिकवलं होतं की रोज काल घडलेल्या तीन चांगल्या गोष्टी आठवाव्यात, मन प्रसन्न राहतं. बाईंनी हे मनातल्या मनात करायला सांगितलं असणार. सुभेदारांनी ते गावाला लागू केलं. उंब्रजजवळच्या आमच्या गावात सकाळी सहाला सगळे सापडण्याची जागा म्हणजे दूध डेअरी. तिथे किटल्या घेऊन उभ्या असलेल्या रांगेपुढे ते छाती काढून उभे राहत. "काल काय बरं झालं? तीन. मोठ्यानं!"

"म्हस व्याली," बापू ओरडायचा.

"परवा बी तीच व्याली हुती की रं! म्हस हाय का कारखाना?"

त्यात त्यांनी नियम काढला की एकाने सांगितलेली गोष्ट दुसऱ्याने सांगायची नाही. झालं, पावसावरून भांडणं लागली. "पाऊस मी बोललोय, तू दुसरं बघ." चांगल्या गोष्टींची टंचाई पडली, तशी माणसं त्या मुद्दाम घडवायला लागली. बापूने भांडण असलेल्या चुलत्याच्या उसाला आपली पाण्याची बारी सोडून दिली आणि वर दम दिला, "उद्या तिसरं म्हणून माझं नाव घ्यायचं, इसरायचं न्हाई." मला हा सगळा येडचापपणा वाटायचा. खोटं कशाला बोलू, सुभेदार दिसले की मी किटली घेऊन रांगेत मागे सरकायचो.

पण आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, मागे सरकणंही सुचत नव्हतं. आई गेल्यापासून ते बोलायचेच बंद झाले होते. ताटावरून अर्धी भाकरी टाकून उठत. औषधं झाली, पाहुणे समजावून गेले. माणूस असा डोळ्यांदेखत विझत जातो, आणि आपण नुसतं बघायचं. मला भीती वाटायची की हे वर्ष काही ते काढत नाहीत.

"शिवराम, तीन!" सुभेदार रोज विचारत. आबा खाली बघत उभे. ज्याला तीन सांगता येत नाहीत त्याने डेअरीला तीन फेऱ्या मारायच्या, ही शिक्षा होती. पण सुभेदार म्हणाले, "जवान चुकला तर आधी त्याच्या साहेबानं पळायचं," आणि स्वतःच पळाले. सत्तरीचा, गुडघे गेलेला माणूस धोतर सावरत रोज पळायचा. असे सात महिने. रांग टाळ्या वाजवायची, आबा मातीकडे बघायचे. शेवटी एका सकाळी सुभेदार सांडलेल्या दुधावरून घसरले आणि मांडीचं हाड मोडून मिरजेच्या दवाखान्यात गेले.

तिसऱ्या दिवशी मी त्यांना बघायला निघालो, तर आबा आपणहून गाडीत येऊन बसले. दवाखान्यात पाय टांगून पडलेल्या सुभेदारांपुढे जाऊन उभे राहिले. मग म्हणाले, "एक हाय. तुमचा पाय मोडला. आता तुमी माझ्यापायी पळायचं न्हाई."

"शाब्बास!" सुभेदार असे गरजले की नर्स धावत आली. "दुसरं?"

"उरलेली दोन उद्या सांगतो."

मी बाहेर जाऊन रडलो. उद्या हा शब्द आबांच्या तोंडून ऐकून वर्ष होत आलं होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही पोचलो तर खाट रिकामी. सुभेदारांनी पहाटेच अख्ख्या वॉर्डाची हजेरी घेतली होती. एका ऑपरेशन झालेल्या पेशंटचे हसून टाके तुटायची वेळ आली, तेव्हा सुभेदारांच्या मुलाने डॉक्टरांपुढे हात जोडून त्यांना पुण्याला हलवलं. ते परत गावी आलेच नाहीत. चार महिन्यांनी तिकडेच वारले. मी त्यांच्यापासून लपत होतो याची लाज मला अजून वाटते.

त्या दिवशी परतताना आबा गप्प होते. मला वाटलं, संपलं, परत दार लागलं. कराड मागे पडल्यावर ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "दोन ठरवून आल्तो. वाया कशाला घालवायची? सकाळी तू च्या लय चांगला केल्तास."

मी गाडी हळू केली. "आणि दुसरं?"

"तुझी आई गेली तवा तिचा हात माझ्या हातात हुता."