मुंबई–लंडन, व्हाया मावशीचा झाडू

असल्या गोष्टींवर माझा विश्वास कधीच नव्हता. नाशिकला विमानाची तिकिटं काढून द्यायचा माझा धंदा, त्यामुळे कुठून कुठे किती तास लागतात ते तोंडपाठ. नेमका मलाच हा अनुभव का यावा, कळत नाही...

नव्वदच्या दशकाचा शेवट. माझा मावसभाऊ प्रशांत नोकरीसाठी पहिल्यांदाच लंडनला निघाला. मावशीचा एकुलता एक. देवळाली कॅम्पातल्या घरी ती एकटीच उरणार, म्हणून मी मुक्कामाला राहिलो.

आमच्याकडे रीत अशी — माणूस प्रवासाला निघाला की तो पोचेपर्यंत घरात केर काढायचा नाही. इथे जवळ दिंडोरीला जाणाऱ्यासाठी ठीक आहे. पण लंडन? मुंबईहून सात हजार किलोमीटरच्या वर. सलग विमान असतं तर नऊ-दहा तास. याचं तिकीट स्वस्तातलं, दुबईला विमान बदलायचं. मी हिशोब करून सांगितलं, "मावशी, उद्या संध्याकाळपर्यंत झाडूला सुट्टी."

चेष्टा सोपी होती. पण पूर्वी मावशीचे यजमान, आमचे काका, जीपने नांदगावला निघाले, तेव्हा पाहुणे यायचे म्हणून मावशीने लगेच घर झाडलं होतं. काका वाटेतच अपघातात गेले. त्याचा दोष तिने आजवर फक्त स्वतःला दिला.

दुसऱ्या दिवशी उन्हं कलताना फोन वाजला. मीच उचलला. प्रशांतचाच आवाज, अगदी स्वच्छ. "विनूदादा, पोचलो. आईला सांग, आता केर काढ." आणि फोन बंद.

"मावशी, पोचला! झाडून घे पटकन, दिवे लागल्यावर झाडता यायचं नाही."

ती जागची हलली नाही. "नाय पोचला तो."

"अगं, मी आत्ता बोललो ना त्याच्याशी!"

"तू कोणाशी बोलला, मला काय माहीत?"

मीच झाडू घ्यायला उठलो, तर तिने तो ओढून घेतला आणि पाठीशी ठेवून भिंतीला टेकून बसली. मला हसू आलं... थोडा रागही.

जेवताना पुन्हा फोन. खरखर, मागे माणसांचा गलका. "दादा, अरे दुबईलाच अडकलोय! लंडनला बर्फ पडतोय, पुढचं विमान सुटलंच नाही. फोनला ही रांग, आत्ता कुठे नंबर लागला."

"मग मघाशी फोन केलास तो?"

"मी? कधी?"

खरं सांगतो, घाबरलो. पुढे जेवण गेलं नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी मावशी आपणहून उठली आणि झाडू घेतला. केर उंबऱ्याबाहेर गेला आणि फोन वाजला. "दादा, पोचलो एकदाचा. लय थंडी आहे इथे..." मावशी झाडू हातात धरूनच रडली.

पहिला फोन कोणाचा? प्रशांतला आजवर कितीदा विचारलं, तो शपथेवर नाही म्हणतो. मस्करी म्हणावी, तर आवाज त्याचाच होता. आणि मावशीने माझं ऐकून त्या संध्याकाळी घर झाडलं असतं तर... इथे मी विचार थांबवतो.

गिऱ्हाइकांना विमानाचे तास मी अजूनही बिनचूक सांगतो. घरचं कोणी निघालं असेल, तर मात्र पोचल्याचा फोन ठेवून मी आधी, आता आमच्याकडेच राहणाऱ्या, मावशीकडे बघतो. तिने झाडू उचलला, तर माणूस पोचला.