आडव्या पोफळींची मालिका

टीव्हीवरचं पसंत पडलं नाही की आमच्या थोरल्या जाऊबाई पाट फिरवून टीव्हीकडे पाठ करून बसायच्या. बंद मात्र करू द्यायच्या नाहीत. "चालू दे. मी बघत नाही ते त्यांना कळू दे," म्हणायच्या.

श्रीवर्धनला आमची पोफळींची वाडी. दुपारी आम्ही दोघी पडवीत सुपारी सोलत बसायचो आणि समोर टीव्ही चालू असायचा. जाऊबाईंच्या मुलाने मुंबईहून तो मोठा टीव्ही आणून लावला, नव्या मालिका दाखवणारा. "या साध्या नाहीत आई, जगभर गाजतात," असं सांगून गेला. आम्ही पाहिल्या. निम्म्या तर अंधारात. जाऊबाई म्हणाल्या, "एवढा खर्च केला आणि दिवा लावायला विसरले." एकीत घरात माणूस मेलेलं आणि सून खिडकीतून समुद्र बघत उभी, बघतच राहिली. जाऊबाई ओरडल्या, "अगो, पाणी तरी तापत ठेव! माणसं येतील आता!" ती हलली नाही. पाट फिरला.

मी चौथीपर्यंत शिकलेली. मला वाटायचं, आपल्याला कळत नसेल. एकदा तसं बोलले, तर जाऊबाईंनी हातातली सुपारी खाली ठेवली. "कळतंय सगळं. त्यांच्याकडे सांगायला काही नाही, म्हणून गप्प उभे राहतात. आणि आपण समजायचं, फार खोल आहे." त्यानंतर मी असं कधी बोलले नाही. त्यांचं खरंच होतं.

मग ते मोठं वादळ आलं. एका दिवसात वाडी आडवी झाली. सासऱ्यांच्या हातच्या पोफळी एकमेकींवर पडल्या होत्या, वाडीत पाय टाकायला जागा नव्हती. सगळ्यांनी रडून घेतलं आणि कामाला लागले. पाऊस तोंडावर होता. झाडं उचलून त्याच पावसात रोपं लावली तर सहा-सात वर्षांनी सुपारी धरते. जाऊबाईंचं वय झालेलं. त्यांना हा हिशेब माझ्याहून चांगला येत होता.

तेवढ्यात एक दाढीवाला आला. वादळावर मोठी मालिका काढणार होता. वाडीत फिरला, डोळ्यांत पाणी आणलं आणि म्हणाला, "आजी, ही झाडं अशीच राहू द्या. तुमचं दुःख जगाला कळायला हवं. आम्ही पंधरा दिवसांत येतो." जाऊबाई हो म्हणाल्या. पैसेही नको म्हणाल्या.

मी म्हटलं, "बाई, यांचं बघून तुम्ही पाठ फिरवता ना? हा त्यातलाच."

"त्या खोट्या गोष्टी असतात गो, म्हणून बिघडतात. ही खरी आहे. खरी गोष्ट कोण कशी बिघडवेल?"

पंधरा दिवस गेले. पाऊस लागला, पाऊस सरला. शेजारच्या सकीनाभाभी कुंपणावरून ओरडायच्या, "वहिनी, उचला ती झाडं! सडतायत. माझ्या नारळांना भुंगा लागेल. आणि पाऊस फुकट जातोय!" त्यांच्या वाडीत रोपं लागली होती. जाऊबाई म्हणायच्या, "शब्द दिलाय." दाढीवाला दिवाळीनंतर उगवला. कुजून काळी पडलेली झाडं पाहून म्हणाला, "वा, आता तर फारच सुंदर दिसतंय!" जाऊबाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की मी चहाच्या निमित्ताने आत गेले.

मालिका आली तेव्हा आमची उशिरा लावलेली रोपं गुडघ्याएवढी होती. जाऊबाई ठेवणीतलं लुगडं नेसल्या, सकीनाभाभींना बोलावून घेतलं. वादळ आलं आणि डोळ्याचं पातं लवतंय तोवर गेलं. मग एक पोरगी आमच्या वाडीत पडलेल्या झाडांवरून अनवाणी चालू लागली. परदेशातल्या कुणाचा फोन येत नव्हता, म्हणून रडत होती. खाली अक्षरं आली. मी वाचली: गोवा.

सकीनाभाभी म्हणाल्या, "ये कौन? तुमच्याकडली कुणी?"

"माझ्या मेलेल्या झाडांवर बसून रडतेय," जाऊबाई म्हणाल्या, "आणि पायाला चिखलसुद्धा नाही."

त्या दिवशी त्यांनी पाट फिरवला नाही. शेवटपर्यंत पाहिलं. मग स्वतःच्या हाताने टीव्ही बंद केला आणि रोपांना पाणी घालायला गेल्या. पुढे मुलाने फोनवर सांगितलं की त्या मालिकेचं फार कौतुक होतंय. त्या म्हणाल्या, "होऊ दे. आंधळ्यांची काय कमी आहे?"

सकीनाभाभींच्या वाडीत सुपारी धरली ती जाऊबाईंनी पाहिली. भाभींनी पहिली सुपारी आणून हातावर ठेवली. जाऊबाई ती बराच वेळ फिरवत राहिल्या. मी म्हटलं, "आपली पुढच्या वर्षी, बाई."

"पुढचं वर्ष मला कोण दाखवणार? तो दाढीवाला?"

संक्रांतीच्या सुमारास गेल्या. आजार असा नव्हता, वय होतं. आमच्या वाडीत सुपारी धरली ती त्यानंतर. एक पावसाळा कमी पडला. तो कुणी खाल्ला हे मला ठाऊक आहे, आणि त्याला माफ करायचं माझं वय अजून झालेलं नाही.

परवा दोन पोरं आली, गळ्यात कॅमेरे. "आजी, ती गाजलेली मालिका इथेच झाली ना? आम्हाला तसंच हवंय. दोन-चार झाडं पाडून घेऊ. नंतर नवीन लावून देतो."

मी म्हटलं, "लावून द्याल. आधी घरी जाऊन आपापल्या आईला विचारा, सहा-सात वर्षं उसनी देतेस का म्हणून. हो म्हणाली तर कोयता घेऊन या."