ऐन्यामागचं सोनं

"सांगून टाका ना जी, नानाजीभाऊ. कुठी हाय तेवढं सांगा. काढाचं मी पाहीन."

"का कुठी हाय, बाई?"

"आता मलेच इचारून राहिले? माह्या घरात दोन दिवस ठोकठोक केली तुम्ही, अन् मले मालूम नाही असं वाटते का?"

वाडी नावाच्या उपनगरात, ट्रकांच्या गोदामांमागच्या गल्लीत, टिनाच्या शेडीत नानाजी मिस्त्री सागाच्या पट्टीवर रंधा मारून राहिला होता. रंधा थांबला नाही. समोर स्टुलाच्या कडेवर कौसल्याबाई टेकली होती. कोराडीहून दोन बस बदलून आलेली. तिचा नवरा श्रीधरभाऊ वीज केंद्रातून रिटायर झालेला. त्याची तेरवी होऊन चार दिवस झाले होते, आणि पेन्शनीच्या कागदासाठी बँकेत जाते असं घरी सांगून ती निघाली होती.

"पाच वर्षांमागं मले कामठीले बहिणीकडं धाडलं," ती म्हणाली. "दोन दिवसानं आली तं घरात सरसाचा वास. का केलं म्हटलं, तं म्हणे नानाजी मिस्त्री येऊन गेला, पलंगाचा पाय हालत होता. तो पलंग मी आता तीन डाव उलटा करून पायला. भिती ठोकून पायल्या. तांदळाची कोठी उपसली. सून म्हणते, आईचं डोकं फिरलं."

"श्रीधरभाऊ काही बोलले नाही का?"

"बोलाले टाइम कुठी भेटला? आंघोळीले गेले ते तठीच आडवे झाले." तिनं पदरानं तोंड पुसलं. "माह्या मायच्या पाटल्या हायेत त्याच्यात. आता पाटल्या नाही, नाणी. मोडून टाकल्या त्याइनं. हातात राहिल्या तं चोर हातासकट नेईन म्हणे, नाणं कसं कुठीबी मावते. आता रोहित घर इकून मले पुण्याले नेऊन राहिला. तठी सुनेच्या घरात मी. माह्याजवळ माह्यं काही तं राहू द्या, भाऊ. पोराच्या हाती लागाच्या आधी ते माह्या हाती पाहिजे, बस."

नानाजीनं रंधा उलटा करून त्यात अडकलेला छिलका काढला. "काम झालं का मी इसरतो, बाई. दहा जागी काम केलं, दहा जागचं इसरलो."

"माह्या तोंडाकडं पाहून म्हणा."

तो पट्टीकडेच पाहत राहिला. प्रयागबाईनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, आतून चहा आणून ठेवला होता. कौसल्याबाईनं तो घेतला नाही. उठली आणि गेली.

नानाजी काही विसरला नव्हता. मागच्या जन्मीचं विचारलं असतं तर विसरलो म्हणाला असता, पण स्वतःच्या हातचं काम त्याला खिळ्यासकट आठवायचं. कौसल्याबाईच्या खोलीत सागाची ड्रेसिंग होती, तिच्याच लग्नातली. तिच्या ऐन्यामागं त्यानं दोन प्लाय घातले होते. आतल्या प्लायला गोल गोल खाचा पाडून, त्यात लाल मखमल चिकटवून, एकेक नाणं बसवलं होतं. खालची पट्टी बिनखिळ्याची. नखानं दाबली की ऐना बोटभर वर सरकायचा. पाच वर्षं ती बाई रोज सकाळी तिथं बसून केस विंचरत होती, कुंकू लावत होती, आणि मायच्या पाटल्या तिच्या तोंडापासून वीतभर अंतरावर होत्या.

नानाजी मूळचा पारशिवनीकडचा. बाप बैलगाडीची चाकं करायचा. चाकं गेली तसा पोरगा हत्यारं पोत्यात बांधून वाडीत आला. बाकीचे मिस्त्री किचन करायचे, पलंग करायचे. नानाजी तेही करायचा, पण त्याचं नाव होतं ते चोरकप्प्यासाठी. लोकांना वाटतं सोनं तांदळात दाबलं, देवाखाली ठेवलं, जुन्या प्रेशर कुकरात घातलं की झालं. चोराच्या घरीही तांदूळ असतात आणि देवही असतात, हे कोणाच्या ध्यानात येत नाही. नानाजी म्हणायचा, "नाणं वाजलं का कप्पा मेला." म्हणून मखमल. कामाला जाताना कागद न्यायचा नाही, मापं डोक्यात. आणि ज्यानं सांगितलं त्यालाच उघडून दाखवायचं, दुसऱ्या कोणालाही नाही.

हा शेवटचा नियम त्याला फुकट मिळाला नव्हता. बारा वर्षांमागं इथल्याच एका गोदामवाल्याच्या, धर्मेंद्रशेठच्या कपाटात त्यानं कप्पा केला होता. शेठची बायको येऊन रडली. नानाजी विरघळला, त्यानं जागा सांगितली. बाईनं सोनं काढलं आणि माहेर गाठलं. दुसऱ्या दिवशी शेठनं चहाच्या टपरीवर, सगळ्या ड्रायव्हरांसमोर, नानाजीच्या कानाखाली आवाज काढला. "याले घरात घेऊ नका रे, हा जिभेचा सैल हाय." वर्षभर त्याला कोणी साधी फळी ठोकायलाही बोलावलं नाही.

दुसरी भीती त्याहून मोठी होती, ती तो बोलून दाखवायचा नाही. मालक मेल्यावर आपण जागा सांगितली, आणि आत असायला पाहिजे त्यापेक्षा एक नाणं कमी निघालं, तर ते कोणाच्या नावावर जाईल? जागा माहीत असणारा जिता माणूस एकच.

दुपारी ताट वाढताना प्रयागबाई म्हणाली, "मी सारं ऐकलं."

"ऐकलं तं इसरून जा."

"तुमच्यासारखं मले नाही जमत. अवो, ते सोनं कोनाचं हाय? त्या बाईच्या मायचं."

"श्रीधरभाऊनं मले हातावर हात मारून सांगितलं होतं, बायकोले सांगू नोको, तिच्या पोटात काही ठरत नाही."

"मंग? आता तो सपनात येऊन तुमाले जाब इचारन का? मेलेल्याचा शब्द सांभाळून राहिले, अन् जिती बाई चहा न पिता गेली ते नाही दिसलं."

"तुले मिस्त्रीगिरीतलं का समजते?"

"मिस्त्रीगिरीतलं नाही समजत. बाईच्या हातचं सोनं काहाडून ऐन्यामागं कोंबणं का असते ते समजते."

"ऐन्यामागं? तुले कोनं सांगितलं?"

"तुम्हीच. त्या दिवशी घरी आले अन् म्हटलं, आज ऐन्याच्या पोटात बाळ ठेवून आलो. पाच वर्षं झाले. माह्याही पोटात काही ठरत नाही म्हणा आता."

नानाजी जेवणावरून तसाच उठला. पुढचे आठ दिवस प्रयागबाईनं भाजी वाढली, पाणी ठेवलं, पण तोंडातून शब्द काढला नाही. भांडली असती तर त्याला सोपं गेलं असतं. नवव्या दिवशी, रविवारी सकाळी त्यानं धुतलेला शर्ट घातला. बर्डीपर्यंत शेअर ऑटो, तिथून कोराडीची बस. रस्ताभर तो मनात घोकत होता, खालची पट्टी, डाव्या बाजूनं, नखानं दाबा, ऐना वर सरकवा, पोरगा घरात नसताना करा.

कौसल्याबाई व्हरांड्यात तुरीची डाळ निवडत बसली होती. कपाळ कोरं. समोरच्या जास्वंदीच्या पानांवर वीज केंद्राच्या राखेचा थर. आत सून कामिनी खोक्यांना चिकटपट्टी लावून राहिली होती, तिचा चर्र चर्र आवाज येत होता.

नानाजी पायरीवर बसला. हळू आवाजात म्हणाला, "बाई, तुमची ड्रेसिंग. ऐन्याच्या मागं हाय."

तिचा हात डाळीत थांबला. "कोन्या ऐन्याच्या?"

"तुमच्याच. खालची पट्टी डावीकडून..."

"तो तं परवा गेला, भाऊ."

"गेला म्हणजे?"

"कबाड्याले." ती सुपाकडेच पाहत बोलत होती. "सून म्हणे, आईले आता ऐन्याचं का काम. पुण्याले तं नेणंच नाही, इथंही लोकायले बरं नाही दिसत. मीही हाव म्हटलं. नवरा मेल्यावर कोनासाठी कुंकू पाहाव? कबाडी एकटाच होता, त्याच्यानं उचलेना. मीच धरू लागली. म्हणे, बाई जुनं काम, लय वजनदार. मी म्हटलं, माह्या बापानं देल्लं हाय, वजन राहणारच."

आतून कामिनीनं विचारलं, "आई, कोण आलंय?"

"बढई हायेत. तुझ्या सासऱ्याची गोष्ट समजली तं भेटाले आले."

मग ती नानाजीकडे वळली. आवाज चढवला नाही. "मी आली होती त्या दिवशी ऐना घरातच होता. सकाळी त्याच्यात पाहूनच निघाली होती मी. तुम्ही कायले इसरले जी?"

"मी पाहतो कबाड्याकडं," एवढं म्हणून तो उठला.

कोराडी रोडवर त्यानं तीन कबाडखाने पालथे घातले. तिसऱ्यात ड्रेसिंग सापडली. ऐना वेगळा काढून भिंतीला लावलेला, लाकूड एका बाजूला, प्लाय सोलून दुसऱ्या बाजूला. आतल्या प्लायच्या गोल खाचा उघड्या पडल्या होत्या. मखमल तशीच लाल. नाणं एकही नाही.

गादीवरचा माणूस त्याच्याकडे पाहत होता. "काय पायजे?"

"हे लाकूड... कोनं सोललं?"

"पोट्ट्यांनी. काहून? काही होतं का त्याच्यात?"

होतं म्हणावं तर तुला कसं माहीत, हे आलं. पोलीस आले, रोहित आला, धर्मेंद्रशेठची ती थप्पड आली.

"नाही," तो म्हणाला. "सागाचं काम चांगलं वाटलं म्हणून इचारलं."

तिथून कौसल्याबाईचं घर चालत दहा मिनिटांवर होतं. तो बसस्टॉपकडे वळला.

पंधरा दिवसांत रोहित आईला पुण्याला घेऊन गेला. जायच्या आधी कौसल्याबाई कामठीला बहिणीला भेटून आली आणि तिथं, तिच्या दारात बसून, तिनं नानाजीच्या नावानं बोटं मोडली. गल्लीभर बाया गोळा झाल्या. वाडीचा सुतार, जागा ठाऊक असून बोलला नाही, विधवा बाई दारात गेली तरी मेल्यानं तोंड उघडलं नाही.

बायांनी ते घरी जाऊन नवऱ्यांना सांगितलं. नवऱ्यांनी त्यातलं भलतंच ऐकलं.

आठवड्याच्या आत कामठीहून पहिलं गिऱ्हाईक आलं. पॉवरलूमवाला माणूस, पायात चकचकीत बूट. शेडीत उभा राहूनच म्हणाला, "नानाजी मिस्त्री तुम्हीच का जी? तुमची लय तारीफ ऐकली. खुद्द बायको आली तरी सांगितलं नाही म्हणे तुम्ही. मले असाच माणूस पायजे. आमच्या घरी बी कोनाले समजाले नको. बायकोले तं बिलकुल नाही."

प्रयागबाई आतल्या दारात उभी होती. नानाजीनं तिच्याकडे पाहिलं नाही.

"एक इचारू का शेठ?" तो म्हणाला. "उद्या तुमचं काही कमी-जास्त झालं, तं मंग मी कोनाले सांगू?"

"अभद्र काहून बोलता गा?" माणूस हसला, पण पुरता नाही. "मी आता पन्नाशीचा. वीस वर्षं तं कुठी जात नाही. तुम्ही माप घ्याले कवा येता ते बोला."

आतल्या दारातून प्रयागबाई नाहीशी झाली. आत भांडं आदळल्याचा आवाज आला.

घरभाडं, लाकूडवाला, सगळं नानाजीच्या डोळ्यांपुढून गेलं, आणि कौसल्याबाईचं कोरं कपाळही गेलं. "बुधवारी येतो," तो म्हणाला. "बाईले दोन दिवस कुठी तरी धाडून द्या."

माणूस गेला. नानाजीनं कानामागची पेन्सिल काढली, अर्धवट राहिलेल्या पट्टीवर काटकोनी गुण्या ठेवला, रेघ मारली आणि करवत उचलली.