पुसलेल्या फरशीवरची वर्तुळं

बाबा लालबागच्या आमच्या खोलीत पडले, तेव्हा घरी फक्त धाकटा भाऊ होता. दुपारीच दोघांचं जोरात वाजलं होतं. सगळ्या मजल्याने ते ऐकलं होतं. शेजारच्या काकूंना बाबा दाराशी निपचित दिसले, जीव गेलेला. डोक्याला खोक, मोरीपासून दारापर्यंत रक्त. पोलिसांनी भावाला चौकीत बसवून ठेवलं.

त्यात पोलीस यायच्या आत काकूंनी फरशी पुसून घेतली होती. साहेब ओरडले. काकू मालवणीत म्हणाल्या, "थंय दिवो लावूचो आसा. रगात तसाच ठेवू काय?"

आता भाऊ सुटत नाही, असंच मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेतून एक मॅडम आल्या. भावालाही पोलिसांनी आणलं होतं. गुडघ्यांवर बसून, टॉर्च जमिनीलगत आडवा धरून त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग साहेबांना म्हणाल्या, "थेंबाची कड आधी सुकते. नंतर पुसलं तर मधलं जातं, कड राहते."

मी दारातून वाकून पाहिलं. फरशीवर पुसट वर्तुळं होती, एकामागून एक. सरळ खाली पडलेला थेंब गोल उमटतो, तिरका आलेला लांबट होतो, त्याला शेपूट फुटते, असं त्या सांगत होत्या. कुणी पुन्हा पुन्हा मारलं असतं तर भिंतीवर, छतावर शिंतोडे ओळीने उडाले असते. तिथे काहीच नव्हतं. मोरीच्या कट्ट्याच्या कडेला मात्र रक्त आणि दोन पांढरे केस चिकटलेले होते.

"आपटून उठलेत," त्या म्हणाल्या, "आणि हळूहळू दारापर्यंत चालत आलेत."

भाऊ पहिल्यांदाच बोलला. "मॅडम, म्हणजे त्यांनी मला हाक मारली असेल?" तो तेव्हा बाहेर गॅलरीत, कानात इयरफोन घालून, दाराकडे पाठ करून बसला होता.

मॅडमनी टॉर्च बंद केला. "ते यातून कळत नाही, बाळ."

भाऊ सुटून घरी आला, पण जेवेना. चौथ्या दिवशी काकू ताट घेऊन त्याच्याजवळ बसल्या.

"मी भिंतीपलीकडेच होतंय रे झिला. हाक मारल्यानी असती तर माका ऐकाक इली नसती?"

त्याने त्यांच्याकडे पाहिलं आणि घास घेतला.

काकू त्या वेळी दादरला भाजी आणायला गेल्या होत्या; परत आल्यावरच त्यांना बाबा दिसले होते. मी त्याच्या ताटात आणखी भात वाढला.